थंडीचे दिवस आणि घरखर्च

महागाईची गोष्ट निघाली म्हणजे धान्य, तेल, भाजीपाला, शाळेची फी आणि घरभाडे यांची नावे ओळीने घेतली जातात. उष्णतेचे नाव त्या यादीत सहसा नसते. वस्तुतः आंघोळीचे ऊन पाणी, ताटातले कढत अन्न आणि रात्रीचे पांघरूण या तिन्ही रूपांनी गृहस्थ उष्णताच विकत घेत असतो, आणि मार्गशीर्ष-पौषात या खरेदीची रक्कम नकळत वाढते. घरगुती गॅसची १४.२ किलोग्रॅमची टाकी मुंबईत नोव्हेंबर २०२० मध्ये ५९४ रुपयांस मिळत होती. मार्च २०२३ मध्ये तीच ११०२ रुपये ५० पैशांवर गेली. पुढे ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस दोनशे आणि मार्च २०२४ मध्ये शंभर रुपये उतरले, व एप्रिल २०२५ मध्ये पन्नास चढून किंमत ८५२ रुपये ५० पैसे झाली. उज्ज्वला योजनेतील कुटुंबांस ऑक्टोबर २०२३ पासून टाकीमागे तीनशे रुपयांची सूट मिळू लागली हे खरे; तथापि थोड्या पगाराचा कारकून, लहानसा दुकानदार आणि निवृत्तिवेतनावर दिवस काढणारी जोडपी यांच्या वाट्यास ती सूट आली नाही.

खर्च चढला की काटकसर आलीच. परंतु काटकसर दोन ठिकाणांहून काढता येते: वस्तूतून किंवा माणसातून. उघड्या पातेल्यावर झाकण ठेवले तर ती वस्तूतून काढलेली काटकसर. घरातील बाईने सर्वांच्या आंघोळी आटोपल्यावर गार पाण्यानेच अंग धुतले, किंवा म्हातारीने दुसरे पांघरूण मागायचे टाळले, तर ती माणसातून काढलेली काटकसर. जमाखर्चाच्या वहीत दोन्ही सारख्याच दिसतात, आणि दुसरी तर करण्यास अधिक सोपी, कारण तिला अक्कल लागत नाही. कोणी तरी गप्प बसले की झाले. १९४३ साली मुंबईत धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेव्हा निदान माणशी वाटा ठरलेला होता. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानेही प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो धान्य असे माप घालून दिले आहे. उबेचे असे कार्ड कोणत्याही कचेरीत निघत नाही. तिचा वाटा घरातल्या घरात ठरतो, आणि जो बोलत नाही त्याचा तो सर्वांत लहान असतो. म्हणून घरातील उष्णता कोठे वाया जाते हे आधी शोधावे आणि माणसाच्या वाट्याला शेवटी हात लावावा, एवढाच या भाषणाचा विषय आहे. बहुतेक घरांत शेवटपर्यंत जाण्याची पाळी येत नाही असे हिशेबावरून दिसते.

हिशेबाला लागण्यापूर्वी आपल्या थंडीचा स्वभाव पाहणे अवश्य आहे. काश्मीर किंवा इंग्लंड येथे हिवाळ्यात दिवसही गारच असतो. तेथे घर तापविल्यावाचून गत्यंतर नाही. दक्षिणेच्या पठारावरील हिवाळा मात्र रात्रीचा हिवाळा आहे. नाशिक जिल्ह्यातील निफाडला पहाटे पारा कित्येकदा पाच अंशांच्या खाली उतरतो, द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून बागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवितात, आणि त्याच निफाडला दुपारी बारा वाजता माणूस सदऱ्यावर हिंडतो. आकाश निरभ्र आणि हवा कोरडी, त्यामुळे दिवसा सूर्य मोकळ्या हाताने देतो आणि रात्री जमीन तितक्याच मोकळेपणाने ती उष्णता आकाशाला परत करते. ढग आले की रात्र उबदार वाटते याचे कारण हेच. तेव्हा या प्रांतातील गृहव्यवस्थेपुढचा प्रश्न असा, की दुपारी फुकट मिळणारी ऊब पहाटेपर्यंत कशी पोहोचवावी. घर पेटवून गरम करण्याचा उद्योग येथे बहुधा अनाठायी ठरतो.

आता आंघोळीच्या पाण्याकडे वळू, कारण हिवाळ्यातील सर्वांत मोठी गळती तेथेच आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापविण्यास एक उष्मांक लागतो, हे शाळेतील मापच येथे पुरेसे आहे. पंधरा लिटरची बादली घ्यावी. गच्चीवरच्या टाकीतील पाणी डिसेंबरच्या पहाटे सुमारे अठरा अंशांवर असते असे धरू, आणि आंघोळीस चाळीस अंश पुरतात. फरक बावीस अंशांचा, म्हणून पंधरा गुणिले बावीस, म्हणजे ३३० उष्मांक. एक किलो गॅस जळाला की सुमारे अकरा हजार उष्मांक निघतात, परंतु त्यांतील एक तृतीयांश तरी पातेल्याच्या कडेने हवेत जातात. हाती सात हजार तीनशेच्या आसपास राहतात. या त्रैराशिकाचे उत्तर बादलीमागे पंचेचाळीस ग्रॅम गॅस असे येते. एप्रिल २०२५ च्या भावाने किलोला साठ रुपये पडतात, म्हणून एका बादलीस दोन रुपये सत्तर पैसे. रक्कम क्षुल्लक वाटते. पण घरात पाच माणसे आणि महिन्याचे तीस दिवस धरले तर पावणेसात किलो गॅस होतो. म्हणजे जवळजवळ अर्धी टाकी केवळ आंघोळीच्या पाण्यात संपते. स्वयंपाकात चमचाभर तेल कमी करणाऱ्या घराला या अर्ध्या टाकीचा पत्ताही नसतो.

ही अर्धी टाकी कशी कमी करावी? आंघोळ बंद करणे हे त्याचे उत्तर नव्हे. पाणी कोठून आणि केव्हा घेतले जाते याकडे पाहावे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते हा अनुभव सर्वांचा आहे. खरे पाहता विहिरीचे पाणी बारा महिने बहुतेक एकाच तापमानावर असते, भोवतालची हवा तेवढी बदलते. पठारावर खोल विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी पंचवीस अंशांच्या आसपास सापडते. तेच पाणी रात्री गच्चीवरच्या टाकीत चढवून ठेवले तर सकाळपर्यंत ते सात-आठ अंश गमावून बसते, आणि ते गमावलेले अंश गॅस जाळून परत मिळवावे लागतात. ज्या वाड्यात किंवा सोसायटीत पंप आहे तेथे आंघोळीचे पाणी पहाटे ताजे उपसून घेतले तर तापविण्याचे काम बावीस अंशांवरून पंधरांवर येते, म्हणजे खर्चाचा तिसरा हिस्सा आगकाडी ओढण्यापूर्वीच वाचतो. पंप चालविण्याची वेळ बदलण्याला कसलाही खर्च नाही; शेजाऱ्यांची संमती मात्र मिळवावी लागते, आणि अनुभवी लोक सांगतील की गॅस वाचविण्यापेक्षा ते काम जड आहे.

जेथे पंप नाही आणि नळाचे पाणी टाकीतच साठते, तेथे उलट युक्ती करावी. काळी टाकी दिवसभर ऊन खाते. दुपारी चारच्या सुमारास तिच्यातील पाणी दिवसातले सर्वांत ऊबदार असते. तेच पाणी त्या वेळी खाली काढून झाकणाच्या पिंपात भरावे आणि पिंपाला गोणपाटाचे दोन-तीन वेढे देऊन, वरून जुनी गोधडी टाकून घरात ठेवावे. सकाळी ते गरम राहणार नाही, पण टाकीतल्या पाण्याइतके गारही होणार नाही. पूर्वीच्या वाड्यांत अंगणात तांब्याचे घंगाळ उन्हात ठेवून बाळंतिणीचे व म्हाताऱ्यांचे पाणी काढीत, त्यातले तत्त्व हेच. म्हातारी माणसे व लहान मुले यांनी तर पहाटेचा हट्ट सोडून दुपारी उन्हातच आंघोळ करावी. ज्यांना सूर्योदयापूर्वीच्या स्नानाचे पुण्य हवे असेल त्यांनी ते तरुण वयात भरपूर साठवून ठेवावे.

आणखी एक सवय सुटण्यासारखी आहे. पाणी खळखळ उकळेपर्यंत तापवायचे आणि मग त्यात बादलीभर विसण घालायचे, ही रीत चुलीवरच्या बंबाच्या काळातली. चुलीत लाकूड जळतच असे, म्हणून ती खपली. भांडे जितके अधिक तापते तितकी ऊब ते भराभर बाहेर टाकते. त्याऐवजी मोठ्या झाकलेल्या भांड्यात पाणी हवे तितकेच तापवून लगेच वापरणे स्वस्त पडते. विजेच्या रॉडविषयी नेहमी विचारले जाते. बादलीस लागणारे ३३० उष्मांक म्हणजे विजेचे सुमारे ०.३८ युनिट, आणि रॉड ही उष्णता बहुतेक सगळी पाण्यातच देतो. म्हणून वरील गॅसच्या भावाशी तुलना केली तर विजेचा दर युनिटला सात रुपयांच्या आत असेपर्यंत रॉड परवडतो, सातांच्या वर गेला की गॅस. येथे देयकावरचा सरासरी दर पाहून फसू नये. वीज जसजशी अधिक वापरावी तसतसा पुढच्या टप्प्याचा दर चढा असतो, आणि रॉडची वीज त्या शेवटच्या टप्प्यात मोडते. रॉड चालू असता पाण्यात बोट घालून पाहू नये, ही सूचना सर्वांना माहीत असूनही दरवर्षी कोणी तरी विसरतो.

स्वयंपाकघरातील बचत याच मापाने मोजली म्हणजे झाकणाचे महत्त्व कळते. एक लिटर पाण्याची वाफ होऊन जाण्यास सुमारे ५४० उष्मांक खर्ची पडतात. वर पाहिले की एका माणसाच्या आंघोळीस ३३० लागतात. अर्थात् आमटीचे किंवा वरणाचे पातेले उघडे ठेवून लिटरभर पाणी आटू दिले, तर दीड माणसाची आंघोळ छतावर गेली असे समजावे. उकळी एकदा फुटली की ज्योत मोठी ठेवल्याने अन्न लवकर शिजत नाही. पाणी शंभर अंशांवरच थांबते आणि उरलेला सर्व गॅस वाफ करण्याकडे जातो. कुकरला शिटी झाली म्हणजे आत सुमारे एकशेवीस अंश झाले असे समजून ज्योत अगदी बारीक करावी. शिट्या मोजण्याचा नाद पुष्कळ घरांत असतो, आणि प्रत्येक शिटी म्हणजे बाहेर टाकलेली वाफच होय.

डाळी, कडधान्ये रात्री भिजत घालणे हे सांगावयास नको. त्याहून कमी माहितीची एक जुनी सोय मात्र आहे. चुलीच्या काळी भात अर्धा शिजला की पातेले चुलीवरून उतरवून वैलावर सरकवीत, आणि तेथे निवांत धगीवर तो मुरत असे. गॅसला वैल नाही. तो घरी तयार करता येतो. वेताची किंवा बांबूची मोठी पाटी घेऊन तिच्यात तळाशी व कडेने भाताचा पेंढा किंवा जुन्या कापडाच्या घड्या घट्ट बसवाव्या, मध्ये पातेल्यापुरती जागा ठेवावी आणि वर कापसाची उशी झाकण म्हणून दाबावी. तांदूळ पाच-सात मिनिटे खळखळ उकळल्यावर पातेले झाकणासह तसेच या पाटीत ठेवले तर तासाभरात भात होतो. भिजवलेली तुरीची डाळ पंधरा मिनिटे उकळून ठेवली तर दोन-अडीच तासांत मऊ होते. कलकत्त्याचे डॉक्टर इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० साली काढलेला इकमिक कुकर थोड्या कोळशावर, देखरेखीवाचून सबंध जेवण शिजवी. विद्यार्थी व प्रवासी यांच्यात तो बराच चालला. पेंढ्याच्या पाटीला तेवढाही कोळसा लागत नाही. अन्न मात्र गरम असतानाच खावे, दुसऱ्या दिवसापर्यंत त्या पाटीत ठेवू नये, कारण कोमट अन्न लवकर बिघडते.

जेवणातून बचत करण्याचा मोह हिवाळ्यात आवरावा. निजलेला प्रौढ मनुष्यही तासाला साठेक उष्मांक बाहेर टाकीत असतो. पाच माणसे एका खोलीत निजली म्हणजे ताशी तीनशे उष्मांकांची शेगडी पेटलेलीच आहे म्हणा ना. त्या शेगडीचे इंधन म्हणजे रात्रीचे जेवण. तेलातुपाच्या एका ग्रॅमात नऊ उष्मांक असतात आणि धान्याच्या ग्रॅमात साडेतीनच्या जवळपास. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी, संक्रांतीला तीळगूळ, बाळंतिणीला डिंकाचे व हळिवाचे लाडू, ही आपली व्यवस्था नेमकी थंडीच्या महिन्यांत यावी यात आश्चर्य ते काय? कुळथाचे पिठले आणि भाकरी हे गरिबाचे जेवण खरे, पण पौषात ते श्रीमंताच्या पोटालाही मानवते.

ही जी माणसांनी दिलेली ऊब, ती सकाळपर्यंत राखण्याचे काम पांघरुणाचे. येथे पुष्कळ घरांत खर्च चुकीच्या बाजूला होतो. पांघरूण स्वतः गरम नसते; त्याच्या धाग्यांत अडकलेली हवा स्थिर राहते आणि ती स्थिर हवाच अंगची ऊब जाऊ देत नाही. गोधडीची रचना पाहावी. जुनी लुगडी आणि धोतरे एकावर एक घालून, बारीक धावदोऱ्याने शिवून, प्रत्येक दोन पदरांमध्ये हवेचा एक पातळ थर कोंडलेला असतो. घरातील टाकाऊ कापडाला याहून चांगले स्थान नाही, आणि आजीच्या लुगड्याची गोधडी नातवावर पडते यात जो जिव्हाळा आहे त्याची किंमत हिशेबात धरलेली नाही. याच कारणासाठी एका जाड रजईपेक्षा दोन पातळ पांघरुणे बहुधा अधिक ऊब देतात. जुन्या गादीतला व रजईतला कापूस दबून त्याचे गठ्ठे झाले की हवा निघून जाते आणि रजई जड असूनही गार लागते. अशा वेळी नवी विकत घेण्याच्या आधी पिंजाऱ्याकडे कापूस पिंजून घ्यावा. पिंजणाचा तो टणत्कार गल्ल्यांतून आता क्वचित् ऐकू येतो, पिंजण्याची यंत्रे आली आहेत, परंतु काम तेच आहे. धनगरांच्या मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी पहिल्याने टोचते, पण वर्षानुवर्षे टिकते आणि ओली झाली तरी बरीच ऊब धरते.

आता मुख्य गोष्ट. थंडी वरूनच येते अशी समजूत असल्यामुळे सारी पांघरुणे वर घेतली जातात. ज्या घरात शहाबादी फरशी आहे तेथे निजणाऱ्याची निम्मी ऊब खाली फरशीत जाते, कारण शरीराच्या भाराने खालचे अंथरूण दबते आणि त्यातली हवा निघून जाते. अंगावर तीन पांघरुणे घेऊनही पाठ गारठते असे म्हणणाऱ्याने एक पांघरूण वरून काढून खाली घालावे, आणि त्याखाली गोणपाट किंवा चटई व वर्तमानपत्रांची रद्दी पसरावी. खर्च काहीच नाही. खाट असेल तर तिच्या नवारीखालून वारा खेळतो, म्हणून तेथेही गादीखाली एखादा जाड पदर हवाच. कानटोपी व पायमोजे यांविषयी अधिक सांगण्याची आवश्यकता नाही. एवढेच की दिवसा घातलेले दमट मोजे रात्री तसेच ठेवू नयेत.

घराविषयी थोडेच बोलू. मराठवाड्यातील धाब्याची घरे आणि जाड मातीच्या भिंती दिवसाचे ऊन धरून ठेवतात; पत्र्याचे घर संध्याकाळ होताच ते सोडून देते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्याचे किंवा जुन्या चादरींचे आढे बांधून मधे हातभर जागा ठेवली तर पुष्कळ फरक पडतो. मात्र ते चुलीपासून किंवा गॅसच्या शेगडीपासून दूर असावे. दक्षिणेकडच्या खिडक्या सकाळी दहापासून उघड्या ठेवून ऊन आत घ्यावे आणि सूर्यास्तापूर्वी त्या लावून घ्याव्या. बहुतेक घरांत नेमके उलट होते: सकाळी गारवा म्हणून खिडक्या बंद, आणि संध्याकाळी मोकळे वाटावे म्हणून उघड्या. दाराखालच्या फटीत चिंध्यांची वळकटी ठेवावी.

फटी बुजविण्याच्या या सल्ल्यानंतर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, आणि ती सौम्य शब्दांत सांगण्यासारखी नाही. ज्या खोलीची दारे-खिडक्या लावलेली आहेत तीत पेटलेल्या कोळशाची शेगडी घेऊन निजू नये. कोळसा धुमसताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत पाणी येत नाही, आणि निजलेल्या माणसाला जाग न येता प्राण जातो. गॅसच्या टाकीत गळती समजावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला असतो. या वायूत तसा पहारेकरी कोणी बसविलेला नाही. दर हिवाळ्यात देशात कोठे ना कोठे सबंध कुटुंब सकाळी मृत सापडल्याची बातमी येते, ती याचीच. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवण्याची जुनी चाल होती, पण तेव्हाच्या घरांना कौलांतून आणि कुडातून वारा येई. सिमेंटच्या बंद खोलीत तीच चाल घातक होते. न्हाणीघरात बसविलेला गॅसचा गीझरही हेच करतो. तो न्हाणीच्या बाहेर मोकळ्या जागेत असावा, आणि आत झडप असलेली खिडकी कायम उघडी असावी. येथे वाचविलेला एक पैसाही वाचविलेला नव्हे.

शेगडीऐवजी काय? विजेचा एक हजार वॉटचा हीटर तासभर लावला तर एक युनिट जाते, म्हणजे सुमारे ८६० उष्मांक सगळ्या खोलीत पसरतात आणि माणसाच्या वाट्यास थोडेच येतात. त्याऐवजी घट्ट झाकणाची रबरी पिशवी किंवा बाटली लिटरभर साठ अंशांच्या पाण्याने भरून, फडक्यात गुंडाळून, पायांशी ठेवावी. वीस अंशांवरून साठांवर नेण्यास चाळीस उष्मांक, म्हणजे साडेपाच ग्रॅम गॅस. किंमत तेहेतीस पैसे. पाणी उकळते घेऊ नये, आणि बाटली उघड्या कातडीला लागू देऊ नये. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची जाणीव कमी झाली आहे त्यांच्या पायांशी तर ती ठेवूच नये. जुन्या घरांत तापविलेली वीट फडक्यात बांधून देत, तीच ही सोय.

ही तेहेतीस पैशांची बाटली कोणाला द्यायची, हा प्रश्न घरात विचारला जात नाही. सून म्हणते, “आई, अजून एक गोधडी देऊ का?” आणि उत्तर येते, “नको गं, मला नाही थंडी वाजत.” या उत्तरात त्याग असतो हे सगळ्यांना समजते; त्यात आणखीही एक गोष्ट असते, ती फारशी कोणाला समजत नाही. वय वाढले की शरीराला गारव्याची जाणीवच मंद होते, आणि कुडकुडून ऊब आणण्याची शक्तीही घटते. तरुण माणूस थंडीत कापतो म्हणून पांघरूण ओढतो. सत्तरीची बाई कापत नाही, म्हणून ओढत नाही, आणि आतून मात्र थंड होत जाते. म्हणजे तिचे उत्तर खोटे नसते, तरी ते प्रमाण धरू नये. विचारण्याऐवजी पाहावे. तळहात गार असणे साधे आहे. पोटावर किंवा पाठीवर हात ठेवून ती जागा गार लागली, बोलणे जड वाटले, माणूस गुंगीत दिसले, तर पांघरूण घालून ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे. थंडीत रक्तदाबही चढतो, हे त्या औषधांवर असलेल्यांनी लक्षात ठेवावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड ऋतूत घरातील हवा निदान अठरा अंश असावी असे सांगितले. भिंतीवर एक साधा तापमापक टांगला तर म्हाताऱ्यांच्या खोलीत रात्री किती अंश असतात हे कोणालाही वादावाचून वाचता येते, आणि मग एकच गोधडी शिल्लक असली तर ती कोणाकडे जावी हे सांगावे लागत नाही.

तान्ह्या मुलाचेही तसेच. त्याचे पोट व तळपाय चाचपावे; पोट ऊन आणि पाय गार असतील तर मूल गारठू लागले आहे, दोन्ही गार असतील तर धोका आहे. नवजात मुलास पहिले चोवीस तास आंघोळ घालू नये असे ही संघटना सांगते. कमी वजनाच्या मुलाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधून ठेवण्याची पद्धत १९७८ साली कोलंबियातील बोगोटा येथे डॉक्टर एदगार रे यांनी, उबवणीच्या पेट्या पुरत नव्हत्या म्हणून, सुरू केली. ती पुढे जगभर रूढ झाली, आणि आपल्याकडील इस्पितळांतही ती शिकवितात. यात गॅस नाही, वीज नाही. आईला मात्र त्या दिवसांत इतर कामांतून सुटका हवी, आणि ती घरच्यांनी द्यावयाची असते.

राहता राहिली पांघरुणांची निगा. आठवड्यातून एकदा गाद्या-गोधड्यांना दुपारचे ऊन दाखवावे आणि ऊन उतरण्याआधीच त्या घरात घेऊन घडी घालावी. दव पडेपर्यंत दोरीवर राहिल्या तर दिवसाची कमाई गेली. होळी झाली की गोधड्या धुऊन, दोन्ही अंगांनी कडकडीत वाळवून, कडुनिंबाच्या सुकलेल्या पाल्यासह ट्रंकेत भराव्या. घोंगडी गार पाण्यातच धुवावी, कारण गरम पाण्यात लोकर आवळते. ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवून त्यावर कोणते पांघरूण कोणाचे, कोणते उसवले आहे आणि कोणत्या रजईचा कापूस पिंजावयास द्यायचा हे त्याच वेळी लिहून ठेवले, तर दसऱ्याच्या सुमारास, पिंजाऱ्याकडे गर्दी उसळण्यापूर्वी, ते काम उरकून घेता येते.